काही खरं असेल तर द्या

दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसतो. पगार नाही, चहा मिळतो. कादंबऱ्यांचा कंटाळा आलेला एखादा सभासद टेबलावर बोटं वाजवत म्हणतो, ‘‘काका, काही खरं असेल तर द्या.’’ मग मी उठतो. इतकी वर्षं उठून ज्या कपाटांकडे जात आलो, त्यांचाच हा आढावा. समतोल वगैरे त्यात शोधू नका.

पहिल्यांदा हात जातो तो विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’कडे. आमच्याकडे ते प्रवासवर्णनांत लावलंय, युरोपच्या सहलींना खेटून. मी ते तिथून हलवलेलं नाही, कारण भटजी निघाले होते तेही साध्याच कामाला. पेणजवळच्या वरसईत घरावर कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, असं कानावर आलं आणि 1857 साली काकांना सोबत घेऊन ते निघाले. वाटेत बंड पेटलं. दक्षिणा राहिली बाजूला, भटजी सापडले झाशीच्या वेढ्यात.

त्यातला एक प्रसंग मी सभासदाला उभ्याउभ्याच सांगतो. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी भटजींना राणी भेटते. अंगभर धूळ, घशाला कोरड. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावं हे तिला पटत नाही. दोर ती स्वतः हातात घेते, मातीच्या भांड्यातलं पाणी ओंजळीने पिते आणि निघून जाते. नाटककाराने यावर एक अंक उभा केला असता. भटजी सांगतात आणि पुढच्या मुक्कामाला लागतात. घरी परततात तेव्हा मिळवलेलं बहुतेक लुटीत गेलेलं असतं, पण कावडीतून आणलेल्या गंगेने आईवडिलांना आंघोळ घालता येते. त्यांच्या लेखी प्रवास सुफळ.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मराठीत ललितेतर म्हणून जे टिकलं, त्यातलं पुष्कळसं लेखक व्हायचं मनातही नसलेल्या माणसांनी लिहिलंय. लेखणी त्यांच्या हाती आडवाटेने आली. म्हणून वाक्य सजवायची त्यांना घाई नाही आणि आपण मोठे दिसतो की नाही, याची काळजीही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. 1934पासून ते भागाभागाने निघालं. शालेय शिक्षण जवळजवळ नाही. आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झालेली, त्याच्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं, घरात येईल ते धुऊन घ्यायचं. अशा घरातल्या मुलीचा नवरा 1895 साली ख्रिस्ती होतो. ती पुढे त्याच्याजवळ राहायला येते, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि मग तीच बाई एक दिवस जात माणसांनीच केली या निष्कर्षाला पोचते, तेही कुणाच्या प्रवचनाने नव्हे. हे सगळं ती हसत सांगते, नवऱ्याच्या लहरीपणासकट. मराठीतलं पहिल्या क्रमांकाचं आत्मचरित्र कोणतं, यावर आमच्या टेबलाशी वाद होतात. माझ्यापुरता तो मिटलेला आहे.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ मात्र मागून कुणी नेत नाही, द्यावं लागतं. बेबीताईंचं फलटणला छोटं दुकान. पुड्या बांधायला रद्दी आणायची, तीच आधी वाचायची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं. लिहिलेलं नवऱ्याच्या दृष्टीला पडू नये म्हणून लपवायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. फलटणला येऊन राहिलेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना लिखाणाचा सुगावा लागला, त्यांनी ते छापायचा आग्रह धरला, आणि 1986 साली पुस्तक आलं. नावात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. महारवाड्यातल्या बायकांची बाळंतपणं, उपास, सासुरवास आणि बाबासाहेबांचं ऐकून त्यांनी मुलांना शाळेत घातलं तो काळ, सगळं ‘आम्ही’ म्हणून येतं. पुरुष बाहेर सोसत होते आणि घरात बायकांना सोसायला लावत होते, हेही बाई स्पष्ट लिहितात. हे पुस्तक परत करताना सभासद सहसा गप्प असतात. एका बाईंनी तेवढं विचारलं, ‘‘हिचं दुसरं काही आहे का?’’ मी त्यांना ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ काढून दिलं. कोकणातली आई बांबूच्या टोपल्या विणते, मुलगी लिहिते.

दया पवारांचं ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (1980) ही नावं प्रत्येक यादीत असतात, म्हणून इथे थांबत नाही. वाचली नसतील तर लेख इथेच सोडा आणि ती आधी वाचा.

माझ्या मताला छेद देणारी माणसंही आहेत. इरावती कर्वे मुरलेल्या मानववंशशास्त्रज्ञ. ‘परिपूर्ती’तल्या त्यांच्या पंढरीच्या वारीवरच्या लेखात अभ्यासक बाई दिंडीत चालतात, भजनात रमतात, आणि एकाच वाटेवर जातवार वेगळ्या शिजणाऱ्या जेवणाने खंतावतात. शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ त्या लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा मराठीत आलं. कादंबरीवर पानिपत पोसलेल्यांनी ते एकदा सोसावं. आणि माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ (1863) लोकलमध्ये उभ्याने वाचायचं. ज्या गर्दीत आपण चेंगरतोय तिची सुरुवात त्यात सापडते.

शाळेच्या बक्षीस समारंभासाठी पुस्तक सुचवा म्हणून पालक येतात. त्यांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. 1981 साली एका ग्रंथपाल बाईंनी लिहिलेलं. एका घोड्याच्या बदल्यात सोडवून आणलेलं गुलाम बाईचं पोर पुढे भुईमुगाचा शास्त्रज्ञ होतं आणि भंगारातून प्रयोगशाळा उभारतं. अमेरिकेतली ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर पोचली. आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली.

हसू नका, पण कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ही मी याच पंगतीत बसवतो. 1970 साली या बाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि ‘अंदाजाने घाल’ या सासूच्या उत्तराला पर्याय मिळाला. याहून खरं पुस्तक कोणतं?

नाही म्हणतो ते एकाच जातीच्या पुस्तकांना. यशस्वी माणसाने बोलायचं, दुसऱ्याने शब्दांकन करायचं, कव्हरवर हात बांधलेला फोटो. त्यातही खरं असतंच, पण विहिरीवरचा दोर कुणी ओढला ते नसतं.

‘माझा प्रवास’ घेताना एवढं करा, आतलं पान पाहा. आपल्या पश्चात छापा, असं सांगून भटजींनी हस्तलिखित चिं. वि. वैद्यांना दिलं होतं. वैद्यांनी ते 1907 साली छापलं, पण त्यावर आपला हात फिरवून. भटजींच्या मूळ मोडी लिखाणाला धरून असलेला पाठ आला तो दत्तो वामन पोतदारांच्या 1966 सालच्या आवृत्तीत. तीच मागा. आमच्याकडे तिची एकच प्रत आहे आणि ती सध्या बाहेर गेलेली आहे.