आवाजाचा मुलूख (भाग 9) : खर असलेला गळा

मागच्या भागात आपण मेम्फिसला होतो. ओटिस रेडिंगचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, ओ. व्ही. राइटचं फारसं कुणाला नाही. चर्चमधली भजनं म्हणत वाढलेला हा माणूस. 1964 साली त्याने पहिल्यांदा गायलेलं एक प्रेमगीत पुढे रेडिंगने गायलं आणि जगाने ते रेडिंगचं मानलं. दोन्ही ऐकून पाहा. राइटचा गळा वरच्या सुरात चिरकतो, आणि नेमका तिथेच ऐकणारा त्याच्या हाती लागतो.

या गळ्याचे भाऊबंद शोधायला भिवंडी पुरेशी आहे. यंत्रमागांचं गाव. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि खडखडाट असा की शेजारच्या मागावरल्या माणसाशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आसपासच्या गावांतले आगरी, पोटासाठी घाटावरून उतरलेली माणसं, सगळी इथे एकाच धुरळ्यात राहतात. अशा गावात उरुसाला कव्वाली होते, तशी एप्रिलमध्ये भीमजयंतीलाही होते. दुसरी मराठीत.

कव्वाली दर्ग्यातून बाजारात आली, तिला सिनेमाने मोठा हात दिला. 1958 च्या ‘अल हिलाल’मधली इस्माईल आझाद यांची कव्वाली गल्लोगल्ली वाजली. आंबेडकरी जलशांकडे स्वतःची शाहिरी होतीच. वामनदादा कर्डकांसारखा, मोठेपणी अक्षरओळख झालेला कवी गावोगाव गात हिंडत होता. त्या परंपरेने कव्वालीचा साज उचलला आणि सामने रंगू लागले. समोरासमोर दोन पार्ट्या. एकीने सवाल टाकायचा, दुसरीने त्याच वजनात जबाब द्यायचा, तोही पेटीवरचा हात न थांबवता. जबाब चपखल बसला की प्रेक्षकांतून नोटा येतात, आणि मग तीच ओळ चार वेळा घोळवली जाते.

आता खर कुठून येते ते पाहू. गायकी उंच पट्टीची, मागे टाळीवाल्यांचा कोरस, ढोलकचा मारा, वर बेंजोची तार. मैफल रात्रभर, बहुधा उघड्यावर. आवाज बाहेर पडतो भोंग्यातून, आणि भोंगा खर्ज जवळजवळ गिळतो, अगदी वरची बारीक लकाकीही कापतो. उरतो तो मधला, नाकाडोळ्यांतून निघाल्यासारखा धारदार भाग. मऊ, रेशमी गळा भोंग्यात विरून जातो. घासलेला गळा मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो. पहाटे तो आणखी घासलेला असतो आणि मला विचाराल तर तेव्हाच ऐकावा. सिनेमातल्या घोटीव कव्वाल्या मला त्यापुढे इस्त्री केलेल्या वाटतात. रफीसाहेबांच्या चाहत्यांनी रागावू नये.

प्रल्हाद शिंदे यांचं उदाहरण घ्या. आषाढीला त्यांची विठ्ठलगीतं पांढरपेशा घरांतही लागतात. त्याच गळ्याने गायलेली भीमगीतं आणि कव्वाल्या मात्र त्या घरांच्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. शिंदे 2004 साली गेले, त्याच वर्षी वामनदादाही. वर्तमानपत्रांच्या संगीतविषयक पानांत भावगीतांवर जितकी शाई खर्ची पडली, तिच्या पासंगाला पुरेल इतकीही या दोघांच्या वाट्याला आली नाही. ‘गोड गळा’ हीच आपल्याकडची कसोटी, त्यामुळे खर म्हणजे कच्चेपणा असं धरून चाललं गेलं. प्रत्यक्षात शिंदे सुरात पक्के होते. वर जाताना आवाज ताणून, जवळजवळ तुटू देऊन, सम मात्र अचूक गाठायची, ही कमाई आहे. राइटच्या बाबतीतही हेच.

फरक एवढाच की मेम्फिसच्या विसरलेल्या गायकांच्या रेकॉर्डी शोधणारे हौशी लोक नंतर जगभर निघाले. आपल्याकडच्या कॅसेटी मात्र माळ्यावर बुरशी धरत पडल्या आहेत. ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी त्या आधी उतरवून घ्याव्यात.

बेंजोविषयी आज मुद्दामच थोडक्यात आटोपलं. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे वाद्य या गायकीच्या केंद्रात कसं येऊन बसलं, ते पुढच्या आठवड्यात.