जुन्या घाटाचा बूट : घ्यावा की न घ्यावा?

जिनमंदिरात प्रवेश करताना आपण पादत्राणांबरोबर चामड्याचा पट्टा आणि पाकीटही बाहेर ठेवतो. मग मुलाने बास्केटबॉलचा जुन्या घाटाचा बूट मागितला, तर हाच विवेक दुकानात का विसरावा?

या प्रकारातील सर्वांत गाजलेला बूट म्हणजे ‘एअर जॉर्डन १’. पीटर मूर यांनी रेखाटलेला हा बूट नायकी कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणला. शिकागो बुल्सचा मायकेल जॉर्डन तो घालून खेळला आणि १९९४ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या.

त्याचे गुण नाकारता येत नाहीत. त्याची ठेवण साधी व ठसठशीत आहे. रबरी तळ शिवलेला असल्याने तो सहजी सुटत नाही आणि कोणत्याही पोशाखावर बूट शोभतो. परंतु खेळाच्या दृष्टीने तो आता मागे पडला आहे. आजच्या क्रीडाबुटांच्या मानाने तो जड आहे, उडी मारून उतरताना टाचेला मिळणारा आधार कमी आहे आणि आपल्याकडील उन्हाळ्यात त्यात पाय घामेजतात.

जैन कुटुंबासाठी मुख्य प्रश्न याहून निराळा आहे. या बुटाचा वरचा भाग बहुतेक आवृत्त्यांत चामड्याचा असतो. ‘स्वेड’ आणि ‘नुबक’ ही नावे कापडासारखी वाटली, तरी तीही चामड्याचीच रूपे आहेत. युरोपातील नियमानुसार बुटावर चिन्हे छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड आणि चौकट चिन्ह म्हणजे अन्य साहित्य. आपल्या दुकानांतील अनेक परदेशी बुटांवरही ही चिन्हे आढळतात. ती न मिळाल्यास विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

जुना घाटच हवा असेल, तर १९१७ पासून चालत आलेला कॉन्व्हर्सचा कॅनव्हासचा ‘ऑल स्टार’ पाहावा. मात्र त्याचा तळ सपाट असल्याने तो फिरण्यापुरताच बरा. नियमित खेळणाऱ्याने जाळीदार कृत्रिम कापडाचा आधुनिक बूट घ्यावा. कृत्रिम चामड्यात पशुहत्या नसली, तरी ते प्लास्टिकच असते आणि दमट हवेत कालांतराने त्याचे पापुद्रे सुटतात, हेही ध्यानी असावे.

शेवटी अपरिग्रहाचा विचार. हे बूट रंगागणिक जमवण्याचा छंद जगभर फोफावला आहे. मुलाला सरसकट नकार देण्याऐवजी त्याच्यासोबत ती चिन्हे वाचावीत आणि जुना जोड झिजल्यावरच नवा घ्यावा. असा निर्णय त्याला स्वतःचा वाटेल, आणि म्हणूनच तो टिकेल.