कंबरेची गोळी आणि रक्तदाबाची गोळी

रोप लावणीचे दिवस आले की औषधाच्या दुकानात एकच मागणी ऐकू येते : "कंबर धरली आहे, एक जोराची गोळी द्या." दिवसभर चिखलात वाकणाऱ्याला दोष कोण देणार? आम्हीही अशी गोळी घेतलेली आहे. परंतु ज्या बंधुभगिनींना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी पुढचे जरा लक्ष देऊन वाचावे.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. त्यामुळे रक्तदाब चढतो. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या मूत्रपिंडातील दाबही उतरवतात. त्यात लघवी होण्याची गोळी चालू असली आणि घाम गाळून पाणी मात्र कमी प्यायले, तर मूत्रपिंड एकाएकी काम थांबवू शकते. जुलाब लागले असता तर फारच जपावे. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली ती उगाच नव्हे. ते औषध टोचलेल्या मेल्या ढोरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. माणूस गिधाड नव्हे, पण मूत्रपिंड त्यालाही आहे.)

डॉक्टरांना रक्तदाबाची गोळी ठाऊक असते, दुकानातून परस्पर आणलेली ठाऊक नसते. दुकानदाराचे नेमके उलटे. आमच्या ओळखीच्या एका मावशींच्या पायांना सूज आली, रक्तदाब उतरेना, म्हणून डॉक्टरांनी औषध वाढवले. फार्मासिस्टाने सहज विचारले, "मावशी, ती गुडघ्याची गोळी रोजच घेता का?" आणि चिठ्ठीमागे दोन ओळी लिहून त्यांना दवाखान्यात परत धाडले. डॉक्टरांनी राग न मानता रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेतले, वेदनाशामक बंद केली. महिनाभरात वाढवलेले औषध पुन्हा कमी झाले.

औषध समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टाचे कामच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तसे लिहिले आहे. डायक्लोफेनॅकची गोळी तर चिठ्ठीशिवाय विकूच नये असा कायदा आहे, तरी ती सर्रास मिळते. म्हणून चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालू नये.

घरातली सगळी पाकिटे, झाडपाल्याच्या औषधासकट, एका पिशवीत घालून दोघांनाही दाखवावीत. शक्यतो औषधे एकाच दुकानातून घ्यावीत. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का, किती, हे विचारावे. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.