घरात शिरलेला न दिसणारा पाहुणा

केळव्याला समुद्राजवळ माझ्या मावसभावाचे घर आहे. पर्यटकांना तो दोन खोल्या देतो. जेवणाचे आणि हिशेबाचे वहिनी पाहतात. एका दुपारी त्यांचा घाबराघुबरा फोन आला, ‘‘भाऊजी, मी हातही लावलेला नाही आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय!’’

‘‘आधी इंटरनेटची वायर काढा,’’ मी म्हटले. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत आणि खात्यात दिवाळीच्या पाहुण्यांची आगाऊ रक्कम होती.

मग उलगडा झाला. आदल्या दिवशी ‘येणाऱ्या पाहुण्यांची यादी’ जोडलेला ई-मेल आला होता. वहिनींनी यादी उघडली, काहीच दिसले नाही, त्या विसरून गेल्या. ती यादी नव्हतीच, तो प्रोग्रॅम होता. फाईलच्या नावाअखेरची ‘ईएक्सई’ ही अक्षरे विंडोजने लपवली होती.

अशा प्रोग्रॅमला ‘रिमोट अ‍ॅक्सेस ट्रोजन’ म्हणतात. आपल्या भाषेत घरभेदी! तो कुलूप फोडत नाही, आपणच त्याला आत घेतो. संगणक सुरू झाला की आपणही सुरू व्हायचे, अशी सोय तो करून ठेवतो आणि आतूनच आपल्या मालकाशी संपर्क साधतो. बाहेरून येणाऱ्याला अडवणारी फायरवॉल आतून जाणाऱ्याला बहुधा अडवत नाही. मग मालकाच्या हुकमाने दाबलेल्या कळा टिपल्या जातात, फायली पळवल्या जातात, कॅमेराही सुरू होतो. बाण फिरला म्हणून आम्हाला कळले. एरवी पत्ताही लागत नाही.

भल्याभल्यांच्या घरी हा पाहुणा शिरतो. केळव्याच्या उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. ते चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने आपल्या एका संगणकात घातक प्रोग्रॅम सापडल्याचे ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य केले. प्रकरण तमिळनाडूतील कुडनकुलम केंद्राच्या संदर्भात गाजले होते. तो संगणक कार्यालयीन कामाचा, इंटरनेटला जोडलेला होता. अणुकेंद्राची नियंत्रण यंत्रणा त्यापासून अलग असल्याने तिला झळ पोचली नाही.

हाच धडा आम्ही घेतला. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलले, संगणक पुसून विंडोज नव्याने घातले आणि बँकेचे काम वेगळ्या यंत्रावर नेले. पैसे वाचले. गेले असते, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

आता यादी आली की वहिनी आधी पाहुण्यालाच फोन करतात. फाईल नंतर उघडते!