तीस वर्षं तोच स्पीकर : एलएस३/५ए आणि टिकणारं समाधान

ऑडिओचा नाद असलेल्या माणसाकडे दोन-तीन वर्षांनी गेलात, तर बहुधा नवा स्पीकर दिसतो आणि जुना का विकला याची कहाणी ऐकावी लागते. पण काही उपकरणं घेतलेली माणसं तीस-तीस वर्षं ती बदलत नाहीत. बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर त्यातला. फूटभर उंच, साडेसात इंच रुंद, वजन पाच किलोच्या आसपास. एवढ्याशा पेटीवर लोक इतका काळ खूश का राहतात, ते आज पाहू.

नावात त्याचं काम सांगितलं आहे. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, आणि ३ हा आकडा स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठी. बीबीसीच्या गाडीत मोठा स्पीकर मावत नसे, आणि नुसत्या हेडफोनवर आवाजाचा समतोल ठरवणं अवघड. म्हणून १९७०च्या दशकात त्यांच्या संशोधन विभागाने ही पेटी तयार केली. बनवण्याचा परवाना रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांना दिला. आतले दोन्ही ड्रायव्हर केफचे.

आता मुद्द्याकडे येऊ. दुकानात आपण दहा मिनिटांत निवड करतो. त्या दहा मिनिटांत जो किंचित मोठ्याने वाजतो किंवा ज्याचा वरचा स्वर जास्त चकचकीत असतो, तो जिंकतो. घरी आणल्यावर महिन्याभरात तीच चकाकी टोचायला लागते. तुम्ही म्हणाल, कानाला सवय होत नाही का? होते, पण सगळ्या दोषांची नाही होत. स्पीकर एखादी गोष्ट *गाळत* असेल तर कान ते सोडून देतो. पण तो स्वतःचं काही *मिसळत* असेल, म्हणजे लाकूड घुमत असेल, कोन एखाद्या स्वरावर कुरकुरत असेल, तर त्या दोषाची सवय होणं कठीण. कारण तो सारखा नसतो. एका गायकाला तो लागतो, दुसऱ्याला लागत नाही, आणि दर वेळी लक्ष गाण्यावरून पेटीकडे जातं.

एलएस३/५ए करणाऱ्यांनी सगळी मेहनत या मिसळण्यावर घेतली. बीबीसीची कसोटी होती माणसाचा बोलता आवाज. माणूस प्रत्यक्ष बोलतोय तो ऐकायचा, मग तोच स्पीकरमधून ऐकायचा. बोलण्यातली खोट कुणालाही कळते, त्यासाठी संगीताचा कान लागत नाही. पेटीच्या भिंती जाड करण्याऐवजी त्यांनी बारा मिलिमीटरचं बर्च प्लायवूड घेतलं आणि आतून कंपनं शोषणारे जड थर चिकटवले. पातळ भिंत घुमलीच तर खालच्या स्वरात घुमते, तिथे कान कमी तिखट असतो, आणि थर ते घुमणं लवकर मारतो. ट्वीटरभोवती नमद्याची चौकट आहे, ती कडांवरून परतणारा आवाज शोषते.

गाळलं काय? खर्ज. ८० हर्ट्झच्या खाली हा स्पीकर झपाट्याने उतरतो. आपल्याकडे हिशोब करून पाहा. काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ला. ती मूळ कंपनसंख्या इथे क्षीणच येते. तरी खर्ज ऐकू येतो! कारण त्याच तारेचे १३९, २०८, २७७ हे वरचे स्वरांश शाबूत आहेत, जवारीमुळे ते भरपूर असतात, आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. फोनवर वडिलांचा आवाज बारीक वाटत नाही, त्याचं कारण हेच. साधा फोन ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच पोचवत नाही.

अर्थात हा सगळ्यांचा स्पीकर नव्हे. डग्ग्याची घुमक छातीत जाणवायला हवी असेल, किंवा घर दणाणून सोडायचं असेल, तर इथे पैसे घालू नका. याची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे कमीच. वॉल्यूम फार वाढवला तर छोटा वूफर तक्रार करतो. ख्याल, नाट्यवाचन, व्हायोलिन, मध्यम खोलीत, दोन मीटरवर बसून: याचं राज्य एवढंच, पण तिथे तो स्पीकर असल्याचं विसरायला होतं.

टिकण्याचं दुसरं कारण व्यवहाराचं आहे. प्रत्येक नग ठरलेल्या नमुन्याशी जुळलाच पाहिजे, अशी बीबीसीची अट होती. त्यामुळे भाग बदलून दुरुस्ती करता येते आणि मूळ आवाज परत मिळतो. जुनी जोडी घेणार असाल तर मागची पट्टी वाचा. आधीचे १५ ओहमचे, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे ११ ओहमचे. दोन्हींचे वूफर आणि क्रॉसओव्हर वेगळे आहेत, एकाचं दुसऱ्याला लावू नका. आणि पुस्तकांच्या कपाटात कोंबू नका. स्टँडवर, भिंतीपासून थोडे पुढे ठेवा. बरं, आता प्रश्न घेऊ.