साठी आली म्हणून बुद्धी नाठी?

मराठीच्या अध्यापकाला म्हणींचे प्रेम असणारच; पण ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कोणाच्या घरात ऐकली की माझ्या मनाला धास्ती वाटते. या तीन शब्दांनी कित्येक घरांत डॉक्टरांकडे जाण्याची वाट अडवून धरली आहे. वडीलधारे माणूस विसरते, गोंधळते, चिडते. आपण हसून म्हण सांगतो आणि विषय मिटवतो. पण वय हे काही विसरण्याचे पुरते कारण नव्हे. पुष्कळदा खरे कारण असते मेंदूला कमी पडणारे रक्त.

मेंदूचे वजन सारे मिळून सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके. पण खर्च पाहा! शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच घेतो, आणि दर मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याच्यातून फिरते. एवढे असून घरात साठवण जवळजवळ नाहीच. मेंदूचे अक्षरशः हातावर पोट! रक्त पुरते थांबले तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

आमच्या नाशिककडच्या द्राक्षबागाइतदाराला पुढची गोष्ट चटकन कळेल. ठिबकची मुख्य नळी बंद पडली तर सारी बाग सुकते; ते कोणालाही दिसते. मेंदूत असे झाले की आपण त्याला पक्षाघात म्हणतो. पण बारीक ड्रिपर क्षाराने एकेक करून चोंदत गेले, तर मोटर चालू, पाणी चालू, आणि तरी टोकाच्या वेली पिवळ्या पडतात. वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांचे हेच करतात.

माझ्या थोरल्या मामांचे असेच झाले. ते पंचवटीत राहतात. उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेला. अडुसष्टाव्या वर्षी ते चहा करताना अडू लागले. नावे, तिथ्या, जुने भाव सारे आठवत असे. पण पाणी आधी की पूड आधी, हा क्रम सुटे. उत्तर द्यायला वेळ लागे, चालताना पाय घासत. दोन-तीन महिने बरे जात आणि मग एकदम घाटाची आणखी एक पायरी उतरल्यासारखे होई. मामी म्हणायची, “वयच झालं गं त्यांचं आता!”

अल्झायमरच्या विकारात बहुधा नवी गोष्ट मनात नोंदलीच जात नाही. रक्त कमी पडल्याने होणाऱ्या विकारात आठवण पुष्कळदा शाबूत असते, थोडी खूण दिली की ती वर येते. पण विचार मंदावतो, बेत आखणे आणि क्रम लावणे जड जाते. अर्थात दोन्ही विकार एकाच डोक्यात नांदू शकतात. ऑटो बिन्सवांगर या वैद्याने मेंदूच्या खोल भागातल्या अशा ऱ्हासाचे वर्णन १८९४ मध्येच केले होते. लहानलहान आघात साचत जाऊन बुद्धी कशी ढासळते, हे १९७४ मध्ये हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठसठशीतपणे मांडले.

हे दूरदेशचे दुखणे आहे असे मात्र समजू नये. मुंबईत २००५ व २००६ या दोन वर्षांत सुमारे दीड लाख वस्तीत पक्षाघातांची नोंद ठेवण्यात आली. त्यांतले दर पाचांपैकी चार रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे झाले होते, आणि सर्वांत मोठा सोबती होता रक्तदाब.

मामेभावाने अखेर मामांना डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब फार चढलेला होता. एमआरआयमध्ये जुने, बारीक घाव दिसले. औषधे, कमी मीठ आणि रोजचे फिरणे सुरू झाले. गेलेले सारे परत आले नाही. पण चार वर्षांत नवी पायरी उतरलेली नाही. चहाची कृती मामींनी ओट्यावर लिहून चिकटवली आहे आणि सकाळचा चहा मामाच करतात.

अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवलेल्या गटात सौम्य बुद्धिमांद्य सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळले. पुरत्या स्मृतिभ्रंशात मात्र निश्चित फरक दिसला नाही. तेव्हा दाब किती उतरवायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे. वृद्धांत तो फाजील उतरला तरीही मेंदू उपाशी राहतो.

दिवाळीत लेकी-जावई, भाचरे घरी येतात. रोज पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते वर्षाने आलेल्याला दिसते. आजोबांची चाल, आईचा हिशेब, काकांचे बोलणे बदललेले दिसले तर भाऊबीजेचे ओवाळणे आटोपल्यावर डॉक्टरांची वेळ ठरवा. थायरॉइडचा बिघाड किंवा ब१२ जीवनसत्त्वाची उणीव असेल तर तीही तपासणीत कळते, आणि तिला उपाय आहे. तोंड एकदम वाकडे झाले, हात लुळा पडला वा जीभ अडखळली, तर मात्र घटकाभरही न थांबता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

म्हणी पूर्वजांनी अनुभवाने रचल्या हे खरे. पण त्यांच्यापाशी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नव्हते. आपल्यापाशी आहे.