रिपोर्टात सोडियम वाढलं? मिठाआधी पाण्याकडे बघा



आपल्या एका जुन्या तांडेल काकांच्या घरी आम्ही मध्यंतरी गेलो होतो. तीन दिवस ताप, जेवण नाही, माणूस नुसता पडून. रक्ताच्या रिपोर्टात सोडियम १५२ आलेलं. सूनबाईंनी त्याच दिवशी सुके बांगडे आणि लोणचं बंद केलं, पेजेतही मीठ घातलं नाही. आपल्यापैकी कोणीही हेच केलं असतं.

पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "दिवसाला पाणी किती पितात?" जेमतेम दोन पेले! रात्री उठावं लागतं म्हणून काका पाणी टाळत होते. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि वर ताप.

आता हा आकडा समजून घेऊया. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असावं लागतं (एका लिटरमागे मिलिमोल). हा आकडा शरीरातलं एकूण मीठ सांगत नाही, तर पाण्याच्या मानाने सोडियम किती ते सांगतो. हुमण चुलीवर जास्त वेळ राहिलं की खारट लागतं ना? मीठ तेवढंच असतं, पाणी आटलेलं असतं. सोडियम वाढतं ते बहुतेक वेळा असंच.

मग खारं खाऊन काहीच होत नाही का? होतं! खारं खाल्लं की तहान लागते, आपण पाणी पितो आणि प्रमाण पुन्हा जागेवर येतं. पण शरीरात पाणी साठतं आणि बीपी वाढतं. म्हणजे सोडियम नॉर्मल आलं म्हणून खारं हवं तेवढं खायची मुभा नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणून सांगते. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, त्यात सुकी मासळी आणि लोणचंही आलं.

पाणी कोणाचं आटतं?
• ताप, उलट्या, जुलाब झालेल्यांचं
• उन्हात किंवा इंजिनाजवळ घाम गाळून पाणी न पिणाऱ्यांचं
• साखर खूप वाढल्यामुळे सारखी लघवी होणाऱ्यांचं
• लघवीची गोळी चालू असलेल्यांचं
• म्हाताऱ्या माणसांचं, कारण वयाबरोबर तहानच कमी लागते
• तान्ह्या बाळांचं, त्यांना सांगता येत नाही

होडीवर, ट्रॉलरवर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी संपलं तरी दर्याचं पाणी पिऊ नका. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणजे माणूस आणखी सुकतो. दुसरं, ओआरएसचा १ लिटरचा पुडा पूर्ण १ लिटर पाण्यातच घोळा. कमी पाण्यात घट्ट केला तर सोडियम उलट वाढतं, लहान मुलांना तर हे फार धोक्याचं.

लक्षणं कोणती? तोंड कोरडं पडणं, खूप तहान, अशक्तपणा, चिडचिड. पुढे माणूस असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो, झटके येतात. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल.

सोडियम उतरवायचं तेही हळूहळू. बरेच दिवस वाढलेलं सोडियम एकदम खाली आणलं तर मेंदूला सूज येऊ शकते. काकांना म्हणूनच दवाखान्यात ठेवून सलाईन सावकाश दिलं आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. रिपोर्ट बघून घरीच तांब्यामागून तांब्या पाजू नका आणि गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

काका आता बरे आहेत. जेटीवर जाळं विणत बसतात, बाजूला पाण्याची बाटली असते.

दर्यावर जाताना आपण बर्फ मोजतो, डिझेल मोजतो. गोड्या पाण्याचे कॅनही मोजा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आज एवढंच विचारा, "सकाळपासून पाणी किती पेले झालं?"